पाट नकाशावर नव्हता : एका बाह्यवळण रस्त्याच्या जनसुनावणीचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावाचं आहे. गाव कोणतं, रस्ता कोणता, शहराच्या कोणत्या अंगाला, हे मुद्दाम सांगत नाही. अंतरं आणि क्षेत्रफळं गोल केली आहेत, पण हिशेब बिघडेल इतकी नाही. काळ परिवेश पोर्टल (पर्यावरण मंजुरीची सरकारी वेबसाइट) सुरू झाल्यानंतरचा, म्हणजे २०१८ नंतरचा. माझा संबंधही आधीच सांगून टाकते. माझ्या सासरची ११ बिघे जमीन या गावात आहे, ती माझे धाकटे दीर कसतात आणि त्यातले २ बिघे रस्त्यात गेले. म्हणजे मी तटस्थ नाही.

पार्श्वभूमी

मी इंदूरला सिंचनाच्या कार्यालयात ३१ वर्षं आरेखक होते. नाले, पाणलोट, बांधांचे छेद काढण्यात नोकरी गेली. गावात मात्र मी फक्त गौरी-गणपतीला आणि लग्नकार्याला जाणारी सून. तिथलं पाणी मला कागदावरूनही ठाऊक नव्हतं.

गावाला साधारण ४ हेक्टरचं एक तळं आहे. होळकरांच्या काळातलं, असं सगळे सांगतात. मातीची पाळ, आतून दगडी पिचिंग. या तळ्यातून कोणी फारसं पाणी उपसत नाही. त्याचं काम वेगळंच आहे. तळं भरलं की पाळीखालच्या विहिरी फाल्गुनापर्यंत टिकतात, आणि त्यावर गहू, लसूण, बटाटा निघतो. तळं अर्धं राहिलं की पौषातच मोटार हवा ओढायला लागते.

तळ्याला पाणी दोन वाटांनी येतं. एक मोठा नाला, तो कोणालाही दिसतो. दुसरी वाट म्हणजे पाट. पलीकडच्या उतारावरचं पाणी मुळात शेजारच्या ओढ्याला जायचं. दोन-तीन पिढ्यांपूर्वी गावाने ६०० मीटर चर खोदून ते आपल्याकडच्या एका लहान ओहोळात वळवलं. दर वर्षी मृगाच्या आधी घरटी एक माणूस पाट साफ करायला जातो. ज्या घरात माणूस नाही, त्या घराने चहा-गूळ द्यायचा. कुठे लिहिलेलं नाही, कोणाच्या सात-बाऱ्यात नाही. (इकडे सात-बारा नसतो, खसरा असतो. पण जीभ वळते तिकडेच.)

रस्ता होता शहराला बाहेरून वळसा घालणारा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग, पूर्ण नव्या जमिनीवरून जाणारा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे नवा राष्ट्रीय महामार्ग म्हटला की केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. आधी अभ्यासाच्या अटी ठरतात, मग मसुदा अहवाल, मग जनसुनावणी, मग लोकांच्या मुद्द्यांची उत्तरं घालून अंतिम अहवाल आणि शेवटी तज्ज्ञ समिती. जमिनीचं काम याला समांतर चालतं आणि ते १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली. त्यात २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागत नाही. मोबदल्याची कलमं तेवढी लागू होतात.

गावाला रस्त्याची पहिली खबर मिळाली ती जमिनीच्या बाजूने. महामार्ग कायद्याच्या कलम ३अ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी जाहिरात, तिच्यात खसरा नंबर. पर्यावरणाचा अहवाल नावाची काही गोष्ट असते हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

अडचण

दिरांचा फोन आला. "वहिनी, जमीन जाणार ती जाणार, त्याचं बघू. पण रस्ता तळ्याच्या वरून जातोय. पाणी कुठून येणार?"

वरून म्हणजे उतार आणि तळं यांच्या मधून. जवळजवळ दीड किलोमीटर लांब, ४ ते ५ मीटर उंच भराव. नाला आणि पाट दोन्ही त्याखालून जाणार होते.

तोवर सुनावणीची जाहिरात येऊन ९ दिवस झाले होते. नियमाने किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, म्हणजे हातात २१ दिवस. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवतात. मी उद्योग केंद्रात जाऊन बसले. चारशेच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. हिंदी सारांश वीसेक पानांचा. त्यात तळ्याबद्दल एक ओळ होती: मार्गापासून अमुक मीटरवर एक जलाशय आहे, त्यावर परिणाम होणार नाही.

सारांशावर थांबले असते तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. जुनी सवय म्हणून मागची परिशिष्टं उघडली आणि मोऱ्यांचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटांचा तक्ता सापडला. मोठ्या नाल्यावर छोटा पूल होता, तो ठीक होता. पाट ज्या ओहोळात सोडलेला आहे त्यावर १.२ मीटर व्यासाचे २ ह्यूम पाइप (सिमेंटचे गोल पाइप) दाखवले होते, आणि शेजारच्या रकान्यात पाणलोट ०.४ चौरस किलोमीटर.

इथे थोडा हिशेब केल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहान पाणलोटातून पुराच्या वेळी किती पाणी येईल याचा ढोबळ अंदाज आमच्याकडे डिकन्सच्या सूत्राने काढत. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरच्या आकड्याचा पाऊण घात घ्यायचा आणि एका गुणांकाने गुणायचं. वर्षाला ६० ते १२० सेंटिमीटर पाऊस असेल तिथे हा गुणांक ११ ते १४ धरतात. इंदूर त्यातच बसतं. पाणलोट ०.४ असेल तर उत्तर येतं सेकंदाला साधारण साडेपाच ते सात घनमीटर. १.२ मीटरचा एक पाइप, पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर ३.४ घनमीटर सोडतो. दोन पाइप, ६.८. म्हणजे तक्ता बरोबर होता. ज्याने तो बनवला त्याने चूक केलेली नव्हती.

पण पाट धरला की पाणलोट ०.४ राहत नाही, १ होतो. आणि १ चौरस किलोमीटरचं उत्तर ११ ते १४ घनमीटर. पाइप निम्मेच.

पाट तक्त्यात का नव्हता? कारण पाणलोट मोजला होता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावरून. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोन मीटर रुंदीचा चर त्यावर दिसणार कसा? मोजणीचे लोक आले ते वैशाखात, तेव्हा पाट म्हणजे बाभळीतली एक घळ. शिवाय अशा अहवालांसाठी पायाभूत माहिती एका हंगामाची घेतात आणि तो हंगाम पावसाळ्याखेरीजचा असतो. हवेतल्या धुळीच्या मोजणीसाठी ते योग्यच आहे, पावसात धूळ बसते. पण पाण्याचा प्रश्नही मग त्याच कोरड्या महिन्यांत विचारला जातो. मला वाटतं या साऱ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. कोणी काही लपवलं नव्हतं. विचारायची वेळच अशी होती की उत्तर वाळलेलं होतं.

कोणते मार्ग समोर होते

पंचायतीच्या ओट्यावर दोन बैठका झाल्या. पहिलीत फक्त भांडणं झाली. ज्यांची जमीन जाणार त्यांना मोबदल्याखेरीज काही ऐकायचं नव्हतं. ज्यांची जाणार नव्हती पण विहिरी पाळीखाली होत्या, त्यांना बोलायचा हक्क आहे की नाही हेच ठरेना. शिवाय एक मोठी चूक आधीच होऊन गेली होती. ३अ च्या अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात. ते सगळे दिवस गावाने जमिनीच्या भावावर अर्ज लिहिण्यात घालवले. त्या टप्प्यावर भाव हा विषयच नसतो, तो पुढे मोबदला ठरताना येतो. अर्ज फेटाळले गेले आणि गावाचा कागदावरचा विश्वासच उडाला.

दुसऱ्या बैठकीत चार गोष्टी खरोखर तोलल्या गेल्या.

पहिली, रस्ता दीडशे मीटर वर सरकवा. त्याने तळं पूर्ण सुटलं असतं, ४० आंब्यांची आमराईही वाचली असती. पण मग शेजारच्या गावाची घरं येत होती. शिवाय आखणी तेव्हा दोन वर्षं जुनी झाली होती, तिच्यावर प्रकल्प अहवाल उभा होता. मी म्हटलं, मागा, पण हीच एक मागणी घेऊन जाऊ नका.

दुसरी, सुनावणीवर बहिष्कार. तरुण मंडळींचा हाच आग्रह होता. कोणी गेलंच नाही तर सुनावणी होईल कशी, असा त्यांचा समज. मी अधिसूचनेचं परिशिष्ट ४ वाचून दाखवलं: सुनावणीला गणसंख्येची अट नाही. एकही माणूस आला नाही तरी ती झाली असंच धरतात. पटेल साहेब, म्हणजे गावचे पाटील, बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मतलब हम नहीं जाएँगे तो हमारी जगह खाली कागज जाएगा." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

तिसरी गोष्ट मोहात पाडणारी होती. महाराष्ट्रात बुलढाण्याकडे तळी खोल करून निघालेली माती महामार्गाच्या भरावाला वापरली, तळी फुकटात खोल झाली, हे कोणीतरी मोबाइलवर दाखवलं. आपणही तळं द्यावं, खोल करून घ्यावं, आणि बदल्यात गप्प राहावं. मला सुरुवातीला ही कल्पना आवडली होती. मग दिरांबरोबर तळ्याच्या कोरड्या काठावर टिकाव मारून पाहिला. वरची दीड-दोन मीटर काळी माती. ती फुगते. मुक्त फुगवटा ५० टक्क्यांवर गेला की महामार्गाच्या भरावात अशी माती चालत नाही. म्हणजे त्यांना काळी माती नको असणार, खालचा मुरूम हवा असणार. तळ्यात पाणी थांबतं ते त्या काळ्या मातीच्या थरामुळेच. मुरमापर्यंत खणलं की तळं खोल दिसेल, पण टिकणार नाही. कल्पना सोडली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो टिकावाने घेतला.

चौथी, मागणी लहान करायची. एवढी लहान की तिला हो किंवा नाही असंच उत्तर देता येईल. पाट जिथे भरावाखालून जातो तिथे पाइप काढून बॉक्स मोरी, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी द्या, बस. ही मागणी बहुतेकांना फिकी वाटली. "इतनी सी बात के लिए सुनवाई?" असं एक जण म्हणालाच.

शेवटी चार मुद्दे ठरले: पाटावर बॉक्स मोरी, शेतरस्त्याचा भुयारी मार्ग गावाजवळ, तळ्याच्या पाणलोटात मुरमाच्या खाणी नकोत, आणि आमराईसाठी आखणीत बदल. मोबदल्याचा कागद पूर्णपणे वेगळा, वेगळ्या माणसाच्या सहीने, वेगळ्या कचेरीत. हे वेगळं करणं लोकांना सर्वांत जड गेलं. शेतकऱ्याला जमीन आणि पाणी वेगळं वाटत नाही, आणि खरं तर त्याचंच बरोबर आहे.

काय केलं

गावाने निवेदनाचा पहिला मसुदा 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' इथून सुरू केला होता. मी ती ओळ काढली, त्यावर रुसवे झाले. तिच्या जागी चेनेज घातलं. रस्त्यावरचं प्रत्येक ठिकाण हे लोक चेनेजने ओळखतात. २२+४५० म्हणजे सुरुवातीपासून २२ किलोमीटर ४५० मीटर. 'आमच्या तळ्याजवळ' म्हटलं तर अहवालात कुठे शोधायचं ते कोणालाच कळत नाही. चेनेज लिहिलं की त्या ओळीसमोर उत्तर लिहावंच लागतं.

पुरावा गोळा करायला माघाचे दिवस होते, पाट कोरडा ठाक. दिरांच्या मुलाने पाटाच्या कडेने चालून मोबाइलवर वाट नोंदवली. कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये मागच्या दोन पावसाळ्यांचे फोटो होते, त्यावर तारखा होत्या. त्यातला एक फोटो खरं तर नव्या ट्रॅक्टरचा होता, पाट मागे दुथडी वाहत होता. बाभळींच्या बुंध्यांवर अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते टेपने मोजलं. तीन पानांचं निवेदन, हिंदीत, सोबत हाताने काढलेला नकाशा. इतक्या वर्षांनी रोटरिंग पेन हातात घेतलं.

सुनावणी गावापासून १४ किलोमीटरवर एका मॅरेज गार्डनमध्ये होती, सकाळी ११ वाजता. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, लाइट येण्याची वेळही तीच. गावातून ३० जण आले, त्यांत बाया दोन, त्यातली एक मी. पोहे, चहा, शामियाना, व्हिडिओवाला. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रतिनिधी.

पहिला तास-दीड तास सगळी गावं मोबदल्यावरच बोलली. अध्यक्ष दर वेळी शांतपणे सांगत, "यह विषय इस मंच का नहीं है." एका गावाची मंडळी चिडून घोषणा देत निघून गेली. पुढे इतिवृत्तात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली: काही ग्रामस्थ विरोध दर्शवून निघून गेले. त्यांचाही एक नाला होता, असं मागाहून कळलं.

आमचे दीर उभे राहिले. त्यांना मी चार वाक्यं पाठ करून घ्यायला सांगितलं होतं. पहिली तीन त्यांनी बरोबर म्हटली, चौथ्याच्या जागी पाट कोणी खोदला, तेव्हा कोण पटेल होते, दुष्काळ कोणता होता, हे सगळं माळवीत सांगत बसले. मी डोक्याला हात लावला. पण मंडपात शांतता झाली ती तेव्हाच, आणि अहवाल बनवणाऱ्या सल्लागार कंपनीच्या बाजूला बसलेल्या एका मुलाने वही उघडली.

खरी वेळ आली ती साडेतीनला. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा मसुदा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी होते. बहुतेक लोक हे ऐकायला थांबतच नाहीत. मंडपात आम्ही ९ जण उरलो होतो. आमच्या गावासमोर वाक्य होतं: "ग्रामवासियों द्वारा जल निकासी की समुचित व्यवस्था की मांग की गई." चुकीचं काही नाही. पण या वाक्याला 'समुचित व्यवस्था की जाएगी' एवढं उत्तर पुरतं.

मी उठून म्हटलं, साहेब, चेनेज घाला आणि पाणलोटाचा आकडा घाला. लिहिणारे म्हणाले, लिहून द्या. ते मी आधीच लिहून आणलं होतं, एका चिठ्ठीवर, दोन ओळी: अमुक चेनेजवर पाणलोट ०.४ नसून पाटासह सुमारे १ चौ.कि.मी. आहे, त्यानुसार पाइपऐवजी बॉक्स मोरी द्यावी, पावसाळ्यात संयुक्त पाहणी करावी. त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली. वाद नाही, आवाज नाही, चार मिनिटांचं काम. पण पुढे जे काही मिळालं ते या दोन ओळींमुळेच.

श्रावणात सल्लागार कंपनीचा तोच वहीवाला मुलगा आला. अमरावतीकडचा निघाला. इंदुरी हिंदीतून मध्येच मराठीवर घसरला, "काकू, तुमचा पाट दाखवा." रात्रभर पाऊस झाला होता. दिरांनी त्याला गमबूट दिले. पाटात गुडघाभर पाणी होतं आणि ते कुठून कुठे चाललंय हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने छेद घेतले, फोटो काढले, आणि परत जाताना एवढंच म्हणाला की आम्ही मे महिन्यात इथूनच गाडी नेली होती.

निष्पत्ती

चारपैकी एक मागणी पूर्ण मान्य झाली. त्या चेनेजवर ३ मीटर रुंद, २ मीटर उंच बॉक्स मोरी आली. मुरमाच्या खाणीचा मुद्दा कागदावर मान्य झाला. भुयारी मार्ग सरकला नाही, तो गावापासून १.८ किलोमीटरवरच राहिला. आखणी हलली नाही, आमराई गेली. बदल्यात लावायची झाडं कुठेतरी दुसरीकडे लावली गेली, आम्ही ती पाहिलेली नाहीत.

बांधकामाच्या पहिल्या पावसात गंमत झाली, म्हणजे गंमत नाही. मोरी अर्धवट होती, तात्पुरते पाइप मुरमाने बुजले, आणि वरच्या बाजूला तीन शेतकऱ्यांच्या सोयाबीनमध्ये दोन दिवस पाणी उभं राहिलं. पीक पिवळं पडलं. फोन कोणाला करायचा हेच ठाऊक नव्हतं. ठेकेदाराचा माणूस सांगे कंपनीला विचारा, कंपनीचा सांगे ठेकेदाराला. तिघांपैकी दोघांना हातात थोडे पैसे मिळाले, पावती नाही. कायमच्या मोरीसाठी आम्ही एवढं झगडलो, आणि ती होईपर्यंतच्या पावसाळ्याबद्दल एक शब्दही मागितला नव्हता.

पाणलोटात मुरमाची एक खाण सुरू झालीच, पाळीपासून ३०० मीटरवर. या वेळी मात्र गावाला कागद कुठे धाडायचा ते माहीत होतं. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. दिरांच्या मुलाने अटीचा क्रमांक, चेनेज आणि फोटो लावून भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहिलं, प्रत कंपनीला. खाण पंधरा दिवसांत बंद झाली. पत्रामुळे की मुरूम संपल्यामुळे, मी शपथेवर सांगणार नाही.

रस्ता झाल्यानंतरच्या पावसाळ्यात तळं श्रावण संपायच्या आत भरलं. पण त्या वर्षी पाऊसही चांगला होता. एका वर्षावरून मोरीला श्रेय देता येत नाही, एखाद्या कमी पावसाच्या वर्षानंतरच कळेल. पाट अजून मृगाच्या आधी साफ होतो, फक्त आता भरावाच्या अलीकडे एक गट आणि पलीकडे एक गट असतो.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी, अभ्यासाच्या अटी ठरतात त्या वेळी पोहोचायचं. त्या अटी पोर्टलवर सुनावणीच्या जवळपास वर्षभर आधी दिसत होत्या. त्या टप्प्यावर गावाला बोलावलंच पाहिजे अशी सक्ती नियमात नाही, पण पत्र लिहायला कोणी अडवत नाही. 'या पट्ट्यातला जलनिचरा पावसाळ्यात पाहावा' एवढी एक अट तेव्हा घातली गेली असती, तर पाट आपोआप तक्त्यात आला असता आणि कदाचित आखणीवरही बोलता आलं असतं. सुनावणीपर्यंत रस्त्याची रेघ वाळलेली असते. तिथे मोऱ्या हलतात, रस्ता हलत नाही.

बायांचं. विहिरीच्या कितव्या पायरीवर कोणत्या महिन्यात पाणी असतं, हे मला शेवटी एका म्हातारीने सांगितलं, सुनावणी होऊन गेल्यावर. तिच्याकडे चाळीस वर्षांची नोंद होती, पायऱ्यांमध्ये. मी पाटाच्या मागे इतकी लागले होते की तळ्याखालच्या विहिरींची मोजणी निवेदनात घातलीच नाही. ती असती तर मागाहून तुलना करायला काही असतं. आता तळं भरतं, पण विहिरींचं आधी काय होतं हे कोणत्याच कागदावर नाही. सुनावणी गावातच आणि संध्याकाळी ठेवा, अशी मागणी आम्ही केली असती तर मान्य झाली असती असं नाही, पण केलीच नाही.

मागणी लहान करण्याबद्दल मी अजून दोन मनांची आहे. मोरी मिळाली ती मागणी लहान होती म्हणून. पण आमराई आम्ही चौथ्या क्रमांकावर ठेवली, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि समोरच्यालाही दिसलं असणार. दिरांनी एकदाच विचारलं, "वहिनी, आंबा पहिल्या नंबरावर टाकला असता तर?" मी म्हटलं, मोरीही गेली असती. ते हो म्हणाले, पण त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट कोणालाच सुचली नाही, गावालाही नाही. दर वर्षी दिवाळीनंतर राजस्थानातून रेबारी येतात, मेंढरं आणि उंट घेऊन. कापणी झालेल्या शेतात कळप बसवतात, खत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावतातही. तळ्याच्या वरून पलीकडच्या माळावर जायची त्यांची वाट पाटाच्या कडेने होती. वैशाखात मोजणी झाली तेव्हा ते माघारी गेलेले होते. माघात सुनावणी झाली तेव्हा ते कुठेतरी निमाडच्या बाजूला होते. कोणत्याही यादीत ते नव्हते, आमच्याही नाही.

रस्ता सुरू झाल्यानंतरच्या कार्तिकात कळप आला आणि भरावापाशी थांबला. वर ट्रक धावत होते. म्हाताऱ्या रेबाऱ्याने दिरांना वाट विचारली, दिरांनी भुयारी मार्गाकडे बोट केलं, १.८ किलोमीटर. त्याने मोरीत वाकून पाहिलं. पाट आटला होता, तळाला कोरडी रेती होती. मेंढरं ओळीने आत शिरली आणि पलीकडे निघाली, संध्याकाळपर्यंत सगळी. उंट तेवढे फिरून आले.